धावपट्टी दिसली, पण ती आपलीच कशावरून?

प्रश्न मिरजेच्या एका प्रशिक्षणार्थी पायलटाचा आहे. कराडला उड्डाण शिकतोय, पहिली सोलो क्रॉस-कंट्री, म्हणजे एकट्याने एका विमानतळाहून दुसऱ्यावर जायचं उड्डाण, कराड ते कोल्हापूर ठरली आहे. जीपीएस आहे, टॉवर आहे, तरी अनुभवी पायलटसुद्धा भलत्याच विमानतळावर उतरतात ते कसे, असं त्याने विचारलंय. शिवाय आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात धावपट्ट्या आहेतच किती, मग ही काळजी आपण कशाला करायची?

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. धावपट्ट्या मोजक्या असणं ही सुरक्षितता नाही. दहा धावपट्ट्या असलेल्या भागात पायलट प्रत्येकीकडे संशयाने बघतो. एकच असेल तिथे पहिली लांब, सरळ, करडी पट्टी दिसली की मन म्हणतं, "आलं कोल्हापूर." आणि एकदा तसं म्हटलं की शोध थांबतो. त्यापुढे डोळे पुरावा शोधत नाहीत, समोर जे दिसेल ते कोल्हापूरच्या चित्रात बसवत जातात.

हे हवेत बोलणं वाटू नये म्हणून तुमचीच क्रॉस-कंट्री घेऊ. कराडहून कोल्हापूरचा, म्हणजे उजळाईवाडीचा विमानतळ साधारण ३८ नॉटिकल मैल, दिशा अंदाजे १६८ अंश. आपल्याकडे चुंबकीय विचलन (खरी उत्तर आणि कंपासची उत्तर यांतला फरक) एखाद्या अंशाचं, त्यामुळे आकडा फारसा बदलत नाही. तरी तुमचा आकडा चार्टवरून स्वतः काढा, माझा घेऊ नका. १०० नॉट ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशेबाने ताशी १०० नॉटिकल मैल) धरली तर २३ मिनिटं.

आता डीआयची, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा दाखवणाऱ्या यंत्राची, तबकडी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर आकडे दर ३० अंशांना आहेत: १२ (म्हणजे १२०), १५, मग एस, म्हणजे दक्षिण. १६८ हे १५ आणि एसच्या मध्ये. घाईत हेच एक घर अलीकडे, १२ आणि १५ च्या मध्ये धरलं की झालं १३८. लॉगमध्ये ६ आणि ३ गिचमिड लिहिले तरी तेच. ही चूक विद्यार्थी करतात आणि हजार तासवालेही करतात, कारण तबकडी दोन्हीकडे सारखीच दिसते.

१३८ वर ३८ मैल उडालात तर कुठे पोहोचता ते चार्टवर पट्टी ठेवून बघा. सांगली आणि मिरजेच्या मध्ये! म्हणजे अगदी ठरलेल्या मिनिटाला तुमच्यासमोर एक मोठं शहर आहे, शहराला लागून नदी आहे, रेल्वे आहे, आणि शहराच्या उत्तरेला तासगाव रस्त्याकडे कवलापूरची जुनी, वापरात नसलेली विमानपट्टीची जागा आहे. कोल्हापूरला जे जे अपेक्षित होतं ते सगळं हजर. फक्त नदी पंचगंगा नसून कृष्णा आहे आणि शहर तुमचं स्वतःचं आहे. स्वतःचं गाव वरून ओळखू येणार नाही का, असं वाटेल. रस्त्यावरून पाहिलेलं गाव आणि तीन-चार हजार फुटांवरून, धुरकट हवेत, तिरकं दिसणारं गाव यांत पुष्कळ अंतर असतं. त्यात तुम्ही ते कोल्हापूर समजूनच बघत असता.

जगभर घडलेल्या घटनांची जात हीच आहे. आपल्या जवळचं उदाहरण मुंबईचं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपवून पुढे गेलं. जीवितहानी झाली नाही, पण विमान पुन्हा कामाचं राहिलं नाही. जुहूची धावपट्टी ०८/२६, सांताक्रूझची ०९/२७ (हे आकडे म्हणजे धावपट्टीच्या दोन दिशा, शेवटचं शून्य सोडून); फरक दहा अंशांचा. समुद्राकडून पूर्वेला तोंड करून आलात की जुहू आधी लागतं. लांबी मात्र जेमतेम साडेअकराशे मीटर. त्याआधी १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेटही तिथेच चुकून उतरलं होतं. त्याच जागी, त्याच कारणाने.

दिशा जवळपास तीच, जागा त्याच रेषेत आणि खोटी धावपट्टी खरीच्या आधी: या तीन गोष्टी एकत्र आल्या की सापळा तयार. अमेरिकेत रॅपिड सिटीच्या शेजारी एल्सवर्थ हा हवाई दलाचा तळ आहे. रॅपिड सिटीची धावपट्टी १४/३२, एल्सवर्थची १३/३१. २००४ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं ए-३१९ या तळावर चुकून उतरलं आणि २०१६ मध्ये डेल्टा एअरलाइन्सचं ए-३२०. पहिली घटना सगळ्यांना माहीत असूनही दुसरी झाली. विचिटामध्ये २०१३ साली बोइंगचं अवाढव्य ड्रीमलिफ्टर, म्हणजे पोट फुगवलेलं ७४७, मॅककॉनेल तळाऐवजी रात्री जाबारा नावाच्या छोट्या विमानतळावर उतरलं. १,८६० मीटरची धावपट्टी. दुसऱ्या दिवशी हलकं करून ते उडवलं, ही पायलटांची आणि वजनाच्या हिशेबाची कमाल. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ जानेवारी २०१४ ला, साउथवेस्टचं ७३७ ब्रॅन्सनऐवजी शेजारच्या क्लार्क विमानतळावर, ३,७३८ फुटांच्या धावपट्टीवर उतरलं आणि टोकाच्या थोडंसं अलीकडे थांबलं. ब्रॅन्सनची धावपट्टी जवळपास दुप्पट लांब होती.

ब्रॅन्सनच्या घटनेतली शिकण्यासारखी गोष्ट अशी की विमानात सगळी साधनं चालू होती. रात्र स्वच्छ होती. वैमानिकांनी "एअरपोर्ट इन साइट" सांगितलं, व्हिज्युअल ॲप्रोचची, म्हणजे डोळ्यांनी बघून उतरायची, परवानगी मिळाली आणि त्यानंतर कुणी यंत्रांकडे ताडून पाहिलं नाही. तपासाचा निष्कर्षही तोच: हाताशी असलेली सगळी दिशादर्शक माहिती वापरून खात्री केली नाही. खराब हवेत पायलट सुयांवरून नजर हटवत नाही, म्हणून ही चूक बहुतेक चांगल्या हवेत होते.

तर मग करायचं काय? निघण्याआधी कागदावर तीन गोष्टी पक्क्या करा: वाटेत काय कितव्या मिनिटाला ओलांडणार, शेवटी काय दिसायलाच हवं, आणि काय दिसलं तर ते कोल्हापूर नक्की नाही. तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत. माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची, कारण "कोल्हापूर आहे" हे सिद्ध करायला मन हातभार लावतं, "नाही" हे सिद्ध करायला लावत नाही.

वाटेतल्या खुणा निवडताना साखर कारखान्याचं धुराडं घेऊ नका. कृष्णाकाठी ती इतकी आहेत आणि वरून इतकी एकसारखी दिसतात की एक चुकलं तर पुढचं सापडतंच, आणि तुम्ही खुशाल टिकमार्क करून मोकळे. उसाचे फड तर विसराच. खूण म्हणून आडवी जाणारी लांब रेषा घ्या: नदी, रेल्वे, महामार्ग. या मार्गावर १०० नॉटच्या हिशेबाने तेराव्या-चौदाव्या मिनिटाला वारणा आडवी यायला हवी आणि विसाव्याच्या आसपास पंचगंगा. पुणे-बंगळूर महामार्ग तुमच्या मार्गाला जवळजवळ समांतर जातो. कराड सोडल्यावर तो पूर्ण दृष्टीआड झाला आणि पाच मिनिटं दिसलाच नाही, तर पुढे जायचं नाही, आधी तो शोधायचा. १३८ वर गेलेला पायलट इथेच पकडला जातो, सांगलीला पोहोचून नाही.

शेवटी दिसायलाच हव्यात अशा गोष्टी: पंचगंगा ओलांडली, मग मिरज-कोल्हापूर रेल्वे ओलांडली, त्यानंतर धावपट्टी. विमानतळ रेल्वेच्या दक्षिणेला आहे. शहर धावपट्टीच्या पश्चिमेला, शहराच्या पलीकडच्या अंगाला रंकाळ्याचं पाणी, आणि वायव्येला जोतिबा-पन्हाळ्याचे डोंगर. हवा धुरकट असली तरी डोंगरांची कड दिसते. आणि "नाही" म्हणणाऱ्या खुणा: रेल्वेचे फाटे चारी दिशांना फुटताना दिसले तर ते मिरज जंक्शन. कोल्हापूरला रुळ संपतात, पुढे कुठे जात नाहीत. डोंगर पश्चिमेऐवजी पूर्वेला दिसले तर तो दंडोबा. नदी शहराच्या पश्चिमेला आणि धावपट्टीसारखी पट्टी शहराच्या उत्तरेला असेल तर तुम्ही सांगलीवर आहात.

ऑक्टोबरनंतर सकाळी पाचट जाळल्याचा धूर दरीत साचतो, तेव्हा सरळ खालचं दिसतं, समोरचं तिरकं दिसत नाही. धावपट्टी अचानक, जवळ आल्यावर दिसते आणि मनाला हायसं वाटतं. त्या क्षणीच सगळ्यांत जास्त जपायचं. पावसाळ्यात उलटा प्रकार: पाणी पात्राबाहेर पसरलं की पंचगंगेचा चार्टवरचा आकारच राहत नाही, म्हणून नदीच्या वळणावर विसंबू नका, रेल्वे आणि पूल धरा.

वाऱ्याचा हिशेब वेगळा लिहितो, कारण तो चुकला की हेडिंग बरोबर असूनही जागा चुकते. पश्चिमेचा २० नॉट वारा, तुमचा वेग १०० नॉट. ६० ला १ या जुन्या नियमाने: २० भागिले १००, गुणिले ६०, म्हणजे १२ अंश. मार्ग १६८ राखायचा तर नाक १८० वर हवं. वारा विसरून १६८ वरच नाक ठेवलंत, तर २३ मिनिटांत साडेसात मैल, म्हणजे चौदा किलोमीटर पूर्वेला सरकता. पोहोचता हुपरीच्या शिवारावर. डावीकडे इचलकरंजीचा पसारा, आणि वेळ संपलेली. अशा वेळी "इथेच कुठेतरी असेल" म्हणून गोल गोल फिरू नका. महामार्ग पश्चिमेला आहे हे माहीत आहे ना? मग पश्चिमेला वळा, महामार्ग गाठा, तिथून नव्याने सुरू करा.

डीआयबद्दल आणखी एक. तो जायरोवर चालतो आणि हळूहळू सरकतो. दर १०-१५ मिनिटांनी सरळ, समतल, वेग स्थिर असताना कंपासला जुळवा. वळताना किंवा वेग वाढवताना जुळवलात तर चूक पक्की होते, कारण त्या वेळी कंपासच खोटं दाखवतो. कराडहून निघताना एकदा, वारणेपाशी एकदा आणि सर्किटमध्ये (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या फेऱ्यात) शिरण्याआधी एकदा, एवढं या मार्गाला पुरे. शेवटचं का, तर धावपट्टीची ओळख त्याच आकड्यावर पटवायची आहे.

कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ आहे. म्हणजे २५ वर उतरताना नाक २५० च्या आसपास, ०७ वर ०७० च्या. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, वळून स्थिर झालात की पहिलं काम: डीआयवर हा आकडा आहे का? आडवा वारा असेल तर पाच-दहा अंश इकडेतिकडे चालतील. त्याहून जास्त फरक असेल तर धावपट्टी दुसरी आहे किंवा डीआय चुकलेला आहे. दोन्हींपैकी काहीही असलं तरी उतरायचं नाही. मग धावपट्टीच्या तोंडावरचा रंगवलेला आकडा वाचा. ३०० फूट उंचीपर्यंत आकडा वाचता आला नाही तर वर निघा, हा नियम स्वतःला घालून घ्या. बंद पडलेल्या पट्टीवर आकडा नसतो, किंवा नियमाप्रमाणे पांढरी फुली असते. पण जुन्या, सोडून दिलेल्या पट्टीवर फुलीही नसू शकते. आकड्याची जागा कोरी असणं हेच पुरेसं कारण. संध्याकाळी २५ वर येताना सूर्य डोळ्यांत असतो आणि आकडा वाचताच येत नाही. म्हणून पोहोचायची वेळ आधीची ठरवा, किंवा वारा मवाळ असेल तर टॉवरकडे ०७ वर उतरायची परवानगी मागा.

उंचीचाही उपयोग करा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर आहे. टॉवरने दिलेला क्यूएनएच (उंचीमापकात भरायचा हवेच्या दाबाचा आकडा) लावला की सर्किट सुमारे तीन हजार फुटांवर. ही तपासणी सांगली आणि कोल्हापूर वेगळं करायला फारशी उपयोगी नाही, उंचीत फरक थोडा आहे. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी मात्र ती कामाला येते.

टॉवरबद्दल एक गैरसमज काढून टाका. "क्लिअर्ड टू लँड" म्हणजे धावपट्टी मोकळी आहे. तुम्ही त्याच धावपट्टीसमोर आहात असा त्याचा अर्थ नाही. लहान विमानतळाच्या टॉवरला तुम्ही डोळ्यांनी दिसला तरच दिसता. म्हणून दुर्बिणीतून बघणाऱ्या माणसाचा फायदा घ्या. तीन मैलांच्या फायनलवर आहात, हवा स्वच्छ आहे आणि टॉवर "नॉट इन साइट" म्हणतोय, तर टॉवरचा डोळा खराब नाही, तुमची धावपट्टी खराब आहे. लगेच वर निघा. तुम्ही लँडिंग लाइट लावा आणि "लाइट दिसतोय का" विचारा. धावपट्टीचे दिवे चालू-बंद करून दाखवायला सांगता येतं. याची लाज वाटायचं कारण नाही. टॉवरला असले प्रश्न आवडतात, चुकून उतरलेली विमानं आवडत नाहीत.

आता जीपीएस. त्याचा दोष नसतो, दोष आपण त्यात काय भरलं याचा असतो. कोल्हापूरचा कोड व्हीएकेपी. शेवटचं अक्षर चुकून एस झालं तर व्हीएकेएस, म्हणजे सौराष्ट्रातलं केशोद. म्हणून डायरेक्ट-टू (आहात तिथून थेट मार्ग आखणारं बटण) दाबल्यावर पहिली नजर नावावर नको, अंतर आणि दिशेवर हवी: ३८ मैल, १६८. तुमच्या कागदावर हेच आकडे आधीपासून लिहिलेले असले पाहिजेत, नाहीतर ताडणार कशाशी? २०१५ मध्ये सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या वैमानिकाने सुरुवातीच्या जागेचे रेखांश भरताना १५१०९.८ ऐवजी ०१५१९.८ टाकले. १५१ अंशांचे १५ अंश झाले. यंत्राने इशारे दिले, ते नीट वाचले गेले नाहीत, आणि उड्डाणानंतर सगळी दिशादर्शन व्यवस्था गोंधळली. सिडनीची हवा बिघडल्यामुळे शेवटी मेलबर्नला उतरावं लागलं. टॅबलेटवरची मार्ग दाखवणारी जांभळी रेघ तर आणखी फसवी: तुम्ही भलतीकडे गेल्यावर पुन्हा डायरेक्ट-टू दाबलंत की नवी रेघ निघते आणि चूक झाल्याची खूणही उरत नाही. चुकल्याची शंका आली तर डायरेक्ट-टू दाबण्याआधी जुन्या रेघेपासून किती बाजूला आहात ते वाचून घ्या.

नोटॅम, म्हणजे विमानतळावर काय बंद आहे किंवा बदललंय याची वैमानिकांसाठीची सूचना, वाचायचा कंटाळा येतो, हे मान्य. पण सॅन फ्रान्सिस्कोला ७ जुलै २०१७ ला एअर कॅनडाचं ए-३२० धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं जमिनीवरून ये-जा करतात त्या रस्त्यावर, उतरायला निघालं होतं. टॅक्सीवेवर चार विमानं उभी होती, आणि जमिनीपासून ६० फुटांच्या आसपास येऊन ते वर निघालं. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक त्या रात्री बंद होती आणि तिचे दिवे मालवलेले होते. नेहमीचं चित्र एका घराने सरकलं: उघडी धावपट्टी ही शेजारची, म्हणजे बंद असलेली, वाटली आणि टॅक्सीवे ही उघडी धावपट्टी वाटली. बंदची सूचना नोटॅममध्ये होती. आयएलएसची (धावपट्टीची रेषा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेची) फ्रिक्वेन्सीही लावलेली नव्हती, लावली असती तर सुईने फरक दाखवला असता. नेहमीच्या चित्रात काय बदललंय, एवढ्यासाठी तरी नोटॅम वाचा.

इंग्लंडमध्ये १९६० ला पॅन ॲमचं बोइंग ७०७ हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टला उतरलं. दोन्ही ॲप्रोचच्या वाटेवर गॅसच्या मोठ्या टाक्या होत्या आणि पायलट त्यांच्यावरून दिशा धरायचे. मग टाक्यांवर भलीमोठी अक्षरं रंगवली, नॉर्थोल्टच्या वाटेवरच्या टाकीवर एनओ, हीथ्रोच्या वाटेवरच्या टाकीवर एलएच. साखर कारखान्याच्या धुराड्याबद्दल मी वर लिहिलं ते यासाठीच. आपल्या धुराड्यांवर कुणी नाव रंगवून ठेवलेलं नाही.

समजा शंका आलीच, तर क्रम असा. फायनलवर असताना कोणतीही एक गोष्ट जुळत नसेल, आकडा, नाकाची दिशा, रेल्वेची बाजू किंवा टॉवरचं बोलणं, तर विचार वर गेल्यावर करायचा, आधी वर निघायचं. सेसना १७२ एसला थ्रॉटल पूर्ण (म्हणजे इंजिनाला पूर्ण ताकद), फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) २० वर, वेग ६० नॉट, अडथळे खाली गेल्यावर फ्लॅप्स टप्प्याटप्प्याने. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या १७२ मध्ये कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर ताकद कमी मिळते. तुमच्या विमानाचं हँडबुक जे सांगतं तेच अंतिम. वर जाऊन समतल व्हा, डीआय जुळवा, टॉवरला "पोझिशन अनसर्टन" असं स्पष्ट सांगा, इंधन बघा. १७२ तासाला ३०-३५ लिटर पिते; ४५ मिनिटांचं राखीव इंधन सोडून जेवढं उरतं तेवढाच वेळ शोधायला आहे. तो आधीच लॉगवर मिनिटांत लिहून ठेवा.

आणि चाकं टेकल्यावर कळलं तर? थांबा. लगेच परत उडू नका. १७२ ला लांबी बहुधा पुरते, पण बंद पट्टीवर खड्डे, तारा, गुरं किंवा गाडी शिकणारा माणूस असू शकतो, आणि पुढे किती पट्टी शिल्लक आहे ते तुम्हाला माहीत नसतं. इंजिन बंद करा, प्रोपेलरजवळ माणसं येऊ देऊ नका (आपल्याकडे पाच मिनिटांत गर्दी जमते), मग रेडिओने किंवा फोनने टॉवरला आणि तुमच्या मुख्य प्रशिक्षकाला कळवा. ही नोंदवायची घटना आहे, लपवून मिटत नाही. पुन्हा तिथून उडवायचं की नाही, आणि कुणी, हे प्रशिक्षक येऊन धावपट्टी पायी चालून ठरवतील.